भुशातला बर्फ

आमच्या मास्तरांच्या घरी नाताळ वैशाखात यायचा आणि त्याला सडक्या पानांचा वास यायचा. हे कुणाला सांगितलं की लोक एकमेकांकडे बघतात. म्हातारा भरकटला, असं त्यांना वाटतं. भरकटलो नाही हो. दोन उन्हाळे त्या वासात जेवलोय मी, माझ्याइतका पक्का साक्षीदार तुम्हाला मिळायचा नाही.

मी तेव्हा गोंदिया स्टेशनावर पार्सलबाबू होतो. दुसऱ्या लढाईच्या बऱ्याच आधीची ही गोष्ट. मूळचा मी वर्ध्याकडचा. बदली होऊन आलो तेव्हा पंचविशीही गाठली नव्हती, लग्न व्हायचं होतं आणि डोकं आतासारखंच लगेच तापायचं. स्टेशनपासून दहा मिनिटांवर, राइस मिलच्या मागच्या गल्लीत, मिडल स्कूलच्या ड्रॉइंग मास्तरांकडे मला खोली मिळाली. खोली छान होती, हवेशीर. खिडकीखाली तीन मोठे रांजण होते. मी गेलो तो माघ महिना, रांजण रिकामे होते, म्हणून मी काही विचारलं नाही. तिथेच फसलो.

फाल्गुन लागला आणि मास्तर रोज सकाळी पोतं घेऊन बाहेर पडायला लागले. पिंपळाची पानं आणायचे. झाडावरची नव्हे, खाली पडलेली. हात पुरेल अशा फांदीवर चांगलं टपोरं पान दिसत असलं तरी खाली वाकून शोधत बसायचे. मी एकदा म्हटलं, "मास्तर, वरचं तोडा की!" तर माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी कुणाचा कानच उपटायला सांगितला.

"पिंपळाचं पान तोडाचं नसते जी. त्यानं देल्लं तर घ्याचं."

ती पानं रांजणात जायची आणि वर पाणी. पाणी घरच्या विहिरीचं चालायचं नाही. गावाबाहेर एक बोडी होती, म्हणजे धानाला पाणी द्यायचा लहानसा तलाव. तिथून मास्तर स्वतः कावडीनं पाणी आणायचे. मधल्या सुट्टीत, अंगातला काळा कोट न काढता. "विहिरीच्या पाण्यात पान मरते, बोडीच्या पाण्यात सडते. मरनं वेगळं आन् सडनं वेगळं," असं त्यांचं शास्त्र होतं. त्यांचं घराणं गोंदियाजवळच्या गोरेगावकडचं, तलाव बांधणाऱ्यांचं. त्याचा त्यांना फार अभिमान. "आमच्या आज्या-पणज्यानं तलाव बांधले. एकेका तलावाच्या पाळीवर तीन-तीन गावं जगून रायली. आन् मी त्याच पाण्यात पानं सडवून रायलो. पान्याचं काम काई घराण्यातून गेलं नाई," म्हणायचे, आणि स्वतःच हसायचे.

वीस-पंचवीस दिवसांत उन्हानं पाणी तापून पानाचा गर सुटायचा. मग मास्तर मऊ ब्रशानं तो गर पुसून काढायचे आणि हातात उरायची पानाची जाळी, इतकी बारीक की फुंकर मारायची भीती वाटावी. त्या जाळीवर तांदळाची पातळ पेज भरायची, सावलीत वाळवायची, आणि त्यावर चित्र. चित्र झालं की पान जाड कागदावर चिकटवायचं. झालं बड्या दिनाचं कार्ड. गोंदियात नाताळाला बडा दिन म्हणत. रेल्वेतल्या गोऱ्या गार्डांच्या आणि ड्रायव्हरांच्या बायका ही कार्डं हौसेनं घ्यायच्या आणि विलायतेला धाडायच्या.

पण त्या वासाचं काय! चैत्राच्या मध्यावर माझ्या खोलीत बसवेना. मी भांडलो. अगदी तावातावानं भांडलो. "मास्तर, बडा दिन डिसेंबरात असतो. भर उन्हाळ्यात आम्हाला कायले मारून राहिले?" त्यांच्याशी भांडताना मीही त्यांच्यासारखा बोलायला लागायचो, आणि मग भांडणातला जोर जायचा.

त्यांनी शांतपणे बोटांवर मोजत सांगितलं, "फागुनात पान पडते. चैतात सडते. वैशाखात वाळते. मिरग लागला का पेज वाळत नाई, रंगाले बुरशी धरते. पाऊस उघडला का दिवाळी, आन् दिवाळीले तर आगबोटीचं टपाल निघून जाते. आता तुमीच सांगा पार्सलबाबू, बडा दिन कवा करू?"

निदान रांजण तरी हलवा म्हटलं. त्यांनी हलवले. दोन वीत. "सरकवले ना जी," म्हणाले.

मास्तर उंच होते आणि थोडे वाकलेले. कानावर ब्रश असायचा, आणि चहा पिताना दर दोन दिवसांनी तो ब्रश चहात बुडायचा. मिशीला कायम कुठला तरी रंग. रस्त्यात चालता चालता मध्येच थांबायचे. समोर म्हैस असो, फुटका नळ असो की कुणाची भांडणारी बायको असो. मागून बैलगाडीवाला ओरडला की हात वर करायचे, "थांब बा, पाहून घेतो." त्यांचं सगळं आयुष्य त्या 'पाहून घेतो'वर चाललं होतं. पाहिलं नाही ते काढायचं नाही, हा त्यांचा नियम. नियम कसला, हट्टच.

शाळेत भूगोलाच्या मास्तरांनी एकदा हिंदुस्थानचा मोठा नकाशा रंगवायला दिला. मास्तरांनी नद्या रंगवल्या, सातपुडा रंगवला. दोन्ही बाजूंचा समुद्र मात्र पांढराच. विचारलं तर म्हणाले, "पाहिला नाई. पाहून आलो का भरतो." तो नकाशा मी पाहिलाय, भिंतीवर लागलेला. अरबी समुद्राच्या जागी कोण्या पोट्ट्यानं पेन्सिलीनं 'मास्तरची वाट पाहणे चालू आहे' असं लिहून ठेवलं होतं. मास्तरांनी ते पुसलं नाही. खरंच आहे म्हणाले.

मी एकदा कात्रीत पकडायला गेलो. म्हटलं, "मग गणपती कसा काढता? पाहिलाय?"

"मूर्ती पाहिली हाये. मी मूर्तीचं चित्र काढतो. देवाचं काढतो म्हनून कोन म्हनलं तुमाले?"

अशा माणसाशी बोलण्यात अर्थ नाही. तरी मी रोज बोलायचो.

तर त्या वर्षी शाळाखात्याचे इन्स्पेक्टर साहेब तपासणीला आले. गोरा माणूस, कडक. त्यांनी शाळेला सांगून टाकलं की मिडल स्कूलच्या पोरांना ड्रॉइंगची गरज नाही, पुढच्या मार्चनंतर हा वर्ग बंद करण्याचा विचार आहे. वर्ग बंद म्हणजे मास्तर घरी. पण त्याच तपासणीत साहेबांच्या मेमसाहेबांनी शाळेच्या भिंतीवरची मास्तरांची पिंपळपानं पाहिली आणि त्या हरखल्या. "मास्टर, हमको साठ कार्ड मांगता. ऐसा पीपल का पत्ता पर. पर चित्र ऐसा," म्हणत त्यांनी एक छापील नमुना दिला. बर्फानं झाकलेली झोपडी आणि तिच्या छपरावर लाल छातीचा एक इवलासा पक्षी.

सगळ्या गल्लीला कळलं की देवच पावला. मेमसाहेब खूश तर साहेब खूश, साहेब खूश तर वर्ग वाचला. हे न कळणारा गल्लीत एकच माणूस होता, आणि नेमका ब्रश त्याच्या हातात होता.

पक्ष्यापासूनच सुरुवात झाली. असला पक्षी मास्तरांनी पाहिलेला नव्हता. त्यांनी बुलबुल काढला. बुलबुलाचा लाल रंग असतो शेपटीखाली. मी म्हटलं, "मास्तर, मेमसाहेबांना लाल छातीवर पाहिजे." ते म्हणाले, "लाल हाये ना? जागा जराशी खाली हाये, इतलंच." झोपडी तर त्यांच्या गावातल्या गोठ्यासारखी झाली, कवेलूंची, म्हणजे कौलांची. दारात कुडाची ताटी. मी मान्य केलं. विलायतेत कुणाला काय कळतंय?

मग आला बर्फ.

"का जी पार्सलबाबू, गोंदियात बर्फ येते का कोठी?"

मीच सांगितलं. माझीच जीभ. उन्हाळ्यात रोज नागपूरच्या गाडीनं स्टेशनच्या रिफ्रेशमेंट रूमसाठी बर्फाच्या दोन लाद्या यायच्या, गोणपाटात गुंडाळून. खानसामा न्यायला येईपर्यंत आमचे हमाल त्यांच्यावर राइस मिलचा धानाचा भुसा ओतून ठेवायचे. दुसऱ्याच दिवशी दुपारी मास्तर कागद-पेन्सिल घेऊन पार्सल ऑफिसात हजर. काळा कोट, घामानं निथळलेले. बर्फाच्या लादीसमोर मांडी घालून बसले आणि चितारायला लागले. हमाल मला हळूच म्हणतो, "बाबूजी, मास्टरजी की तबीयत ठीक है ना?"

त्याला वाटलं, मास्तरांना नीट दिसावं. म्हणून त्या भल्या माणसानं एका कोपऱ्यावरचा भुसा हातानं झाडला. उघडा बर्फ दिसला, काचेसारखा. आणि वैशाखाच्या त्या झळेत तो कोपरा आमच्या डोळ्यांदेखत गोल व्हायला लागला, पाण्याचा ओघळ निघाला. मास्तर ताडकन उठले. "अरे झाक, झाक त्याले! मरून रायला तो!" आणि स्वतःच्या ओंजळीनं त्यांनी भुसा परत घातला. कोटाच्या बाह्या ओल्या झाल्या. मग खाली बसून बराच वेळ बघत राहिले.

संध्याकाळी घरी आलो तर पहिलं कार्ड तयार होतं. छपरावर खडूच्या पुडीचा आणि पेजेचा पांढराशुभ्र बर्फ, आणि त्या बर्फावर धानाचा खराखुरा भुसा, एकेक तूस डिंकानं चिकटवलेलं.

मी कपाळाला हात लावला. "मास्तर, हे काय आहे?"

"बर्फ."

"त्याच्यावर काय आहे?"

"भुसा. बर्फावर असते तो." त्यांनी मेमसाहेबांचा नमुना पुढे केला. "हे पाहा. उघडा ठेवला बर्फ. छपरावर अर्धा घंटाबी टिकनार नाई. ज्यानं काढला त्यानं पाहिला नाई, ऐकून काढला."

"अहो, तिकडे थंडी असते! तिकडे तो वितळत नाही!"

"तुमी पाहिली थंडी?"

"वाचलंय मी."

"मंग तुमी लिहा. मी काढनार नाई."

आठ दिवस आमचं हेच. मी ओरडायचो, ते चिकटवायचे. डिंक धावड्याचा, स्वतः वाटलेला, गाळलेला. त्याचा त्यांना तलावांइतकाच अभिमान. "माझा डिंक हाये हा. कागद फाटंल, मानूस फाटंल, पन चिपकलं ते सुटनार नाई." तीस वर्षांत त्यांचं एक पान कागदावरून सुटलं नव्हतं, ते गल्लीत कुणालाही थांबवून सांगायचे.

वहिनी, म्हणजे मास्तरांची बायको, फार बोलायच्या नाहीत. एक दिवस दुपारी ओसरीवर तांदूळ पाखडत होत्या. मास्तर शाळेत गेले होते. मी ड्यूटीवर निघालो तर मला हाक मारली.

"पाहा ना भाऊजी. मी रोज सुपानं भुसा उडवते, आन् हे बसून एकेक भुसा चिपकवून रायले." हसल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. "गावी दीर हायेत, शेती हाये. भुकेनं मरनार नाई आमी. पन हे तठी जगनार नाईत जी. बांधावर बसतीन, पाहून रायतीन, आन् भावाची बोलनी खातीन. शाळा गेली का मानूस गेलं माझं."

मी निघालेला परत पायरीवर टेकलो.

सूप खाली ठेवून त्या म्हणाल्या, "पार्सल तुमच्याच हातून जाते ना जी?"

बस, एवढंच. परत तांदूळ पाखडायला लागल्या.

मृग लागायच्या आधी मास्तरांनी साठ कार्डं पेटीत भरली, पेटीला कापड शिवलं आणि ती माझ्या हवाली केली. साहेब उन्हाळ्यात पचमढीला असत, तिकडे जायचं होतं. मी पावती फाडली. मास्तर गेल्यावर पेटी मात्र गाडीत न घालता टेबलाखाली सरकवली.

लोकांचं पार्सल उघडणं म्हणजे पार्सलबाबूला नोकरीवर लाथ मारण्यासारखं. कळलं असतं तर त्याच दिवशी मला वर्ध्याच्या गाडीत बसवलं असतं. हे पुरतं ठाऊक असून मी दुपारी हमाल झोपल्यावर टाके कापले. तीन दुपारी लागल्या. मला वाटलं होतं, कपड्याच्या ब्रशानं झाडलं की भुसा जाईल. कुठला जातोय! एक तूस हललं नाही. ओल्या बोळ्यानं डिंक मऊ करायचा, मग चिमट्यानं, नखानं एकेक काढायचा, खालच्या जाळीला धक्का न लावता. अंगठ्याचं नख सोलून निघालं. मास्तरांना आणि त्यांच्या डिंकाला मी तीन दुपारी मनसोक्त शिव्या घातल्या. बाहेर लू सुटली होती, त्या गरम वाऱ्याबरोबर भुसा सगळ्या ऑफिसभर उडत होता. एकोणसाठ कार्डं स्वच्छ झाली. साठाव्यावर मास्तरांनी कोण जाणे का, इतका दाट भुसा लावला होता की बोळा लावताच खालचा बर्फच उठून यायला लागला. ते मी तसंच ठेवलं आणि सगळ्यांच्या खाली दडवलं. टाके घातले. माझे टाके म्हणजे गोणी शिवल्यासारखे. पेटी त्याच दिवशी रवाना केली.

रात्री घरी जेवायला बसलो तर वहिनी वाढता वाढता म्हणाल्या, "भाऊजी, राइस मिलीत गेलते का जी? केसांत भुसा हाये." मला ठसका लागला.

मास्तरांनी माझ्या केसांकडे पाहिलं नाही. चिंधी बांधलेल्या अंगठ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "गोंदियात भुसा कोनाच्याबी अंगावर असते," आणि भाजीचं भांडं माझ्याकडे सरकवलं.

पावसाळा गेला, धान कापून झाला, बडा दिनही आला आणि गेला. मेमसाहेबांकडून चकार शब्द नाही. मार्च जवळ यायला लागला. वहिनींनी गावी निरोप धाडला की मागची खोली झाडून ठेवा. मास्तर रोजच्यासारखे शाळेत जायचे, पण रस्त्यात थांबायचे बंद झाले. समोर म्हैस असली तरी नीट बाजूनं निघून जायचे. ते बघून मला गलबलून यायचं, खोटं कशाला सांगू? ज्या माणसावर मी वर्षभर खेकसलो, त्यानं एकदा तरी रस्त्याच्या मध्ये उभं राहून बैलगाडी अडवावी असं वाटायचं.

फेब्रुवारीत इन्स्पेक्टर साहेब जबलपूरच्या छोट्या लाइनीनं जाताना गोंदियाला दुपारभर थांबले. त्यांनी वेटिंग रूममध्ये ड्रॉइंग मास्तरांना बोलावणं पाठवलं. स्टेशनमास्तरांनी इंग्रजी सांगायला मला धाडलं. आम्ही दोघं आत गेलो. मास्तर कोटाची सगळी बटणं लावून. साहेब खुर्चीत, शेजारी मेमसाहेब. टेबलावर एक पत्र आणि माझ्या ओळखीचं एक कार्ड. स्वच्छ. मेमसाहेबांनी स्वतःसाठी ठेवून घेतलेलं.

साहेब बोलत गेले, मी मराठीत सांगत गेलो. साठ कार्डं छान झाली, सगळ्यांना आवडली. फक्त शेवटचं एक कचरा लागून खराब झालेलं निघालं. टाकून द्यायच्या ऐवजी मेमसाहेबांनी ते साहेबांच्या एका म्हाताऱ्या आत्याला धाडलं. ती खेड्यात एकटी राहते, तिला काय, काही चालतं. इथं मेमसाहेब खिडकीबाहेर बघायला लागल्या. साहेबांनी सांगितलं की आई लहानपणीच गेल्यावर या आत्यानंच त्यांना वाढवलं. तिचं हे पत्र.

पत्र मीच वाचून सांगितलं. आत्याचे वडील एका जमीनदाराकडे बर्फघर सांभाळायचे. हिवाळ्यात तळ्यावरचा बर्फ तोडून आणायचा आणि तो उन्हाळाभर टिकावा म्हणून पेंढ्यात, भुशात पुरून ठेवायचा. लहानपणी ती बापाच्या मागे जाऊन त्या भुशात हात घालायची. तिनं लिहिलं होतं की आजवर बड्या दिनाची शेकडो चित्रं पाहिली, सगळ्यांत बर्फ होता. पण माझ्या बापाचा बर्फ याच चित्रात पाहिला. ज्यानं हे काढलं त्यानं बर्फ सांभाळलेला आहे. त्याला माझा नमस्कार सांग.

मास्तर ऐकत होते. माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "पाहिलं का जी?" मला तोंडात मारल्यासारखं झालं.

आणि तेवढ्यात साहेबांनी टेबलावरचं कार्ड उचललं. उलटसुलट करून पाहिलं. मला म्हणाले, याला विचार, आत्याच्या कार्डावर भुसा होता. मग या कार्डावर का नाही? बाकीच्यांवर का नव्हता?

प्रश्न मला कळला होता, मास्तरांना नाही. तो मलाच भाषांतर करून सांगायचा होता. चोरानंच फिर्यादीला विचारायचं, तुझ्या घरी चोरी कशी झाली? मी कसाबसा तो प्रश्न मराठीत सांगितला. मास्तरांच्या डोळ्याला डोळा भिडवायची हिंमत झाली नाही, त्यांच्या कोटाच्या बटणाकडे बघून सांगितला.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. 'पाहून घेतो' म्हणताना म्हशीकडे पाहायचे, तसंच. घाई नाही, राग नाही. मग माझ्या अंगठ्याकडे पाहिलं. नख तोवर नवं आलं होतं, पण वाकडं.

"सांगा साहेबाले," ते म्हणाले. "भुसा साऱ्याइले होता. डिंक कच्चा होता माझा. लू लय होती, उडाला रस्त्यात."

तीन दुपारी त्या डिंकाशी झुंजलो होतो मी. जगात दोनच माणसांना ठाऊक होतं की तो डिंक कच्चा नव्हता, आणि ती दोघं त्या खोलीत उभी होती.

"सांगा ना जी," मास्तर म्हणाले. "साहेब थांबून रायले."

मी सांगितलं. माझ्या तोंडानं इंग्रजीत सांगितलं की यांचा डिंक कच्चा होता. साहेबांनी मान डोलावली आणि म्हणाले, ठीक आहे, मास्तरांना सांग, पुढच्या वर्षी डिंक जरा बरा वापरत चला. सगळ्या कार्डांवर भुसा पाहिजे.

तेही मलाच सांगावं लागलं. मास्तर म्हणाले, "होय जी."

पुढच्या वर्षी, असं साहेब म्हणाले होते. त्याचा अर्थ बाहेर आल्यावर माझ्या डोक्यात शिरला. वर्ग राहिला. महिन्याभरात तसा कागदही शाळेत आला. वर्ग माझ्या एकोणसाठ स्वच्छ कार्डांनी वाचवला की त्यांच्या एका भुसावाल्या कार्डानं, यावर मी आजही स्वतःशी भांडतो. वहिनींनी त्या दिवशी शिरा केला आणि मला दोनदा वाढला.

साहेबांना भेटून त्या दुपारी स्टेशनवरून घरी येताना मी मास्तरांची माफी मागणार होतो. वाक्यं जुळवत होतो. राइस मिलपाशी मास्तर एकदम रस्त्याच्या मधोमध थांबले. मिलच्या धुराड्यातून धूर निघत होता, त्यात भुशाचा लोट होता, आणि त्यावर ऊन पडलं होतं. मागून एक बैलगाडीवाला ओरडायला लागला. मास्तरांनी हात वर केला.

"थांब बा, पाहून घेतो."

मीही थांबलो. माफी राहून गेली.

पुढच्या वैशाखात माझ्या खिडकीखालचे रांजण परत भरले, परत वास सुटला, मी परत भांडलो. एका सुट्टीच्या दिवशी मास्तरांनी मला ओसरीवर बोलावलं. समोर बर्फाळ छपरांची साठ पानं वाळत ठेवलेली. माझ्यापुढे त्यांनी एका वाटीत भुसा ठेवला आणि दुसऱ्या वाटीत डिंक.

"यंदा भुसा तुमी चिपकवा, पार्सलबाबू."

"मी? मला कुठं येतंय?"

"काढता येते ना?" त्यांनी मान वर केली नाही, ब्रश चहात बुडवला. "मंग लावा. सोतानं लावला का काढताना हात थरथरते मानसाचा."

चार दिवस बसलो. पाठ मोडली, बोटं एकमेकांना चिकटली, तोंडानं बडबड चालूच होती. साठही पानांवर एकेक तूस मी माझ्या हातानं लावलं. पेटी मीच शिवली, मीच गाडीत चढवली, आणि लू तर त्या वर्षी आदल्या वर्षीपेक्षा जास्त होती.

एक तूस उडालं नाही.